डी डी ब्रिजवॉटरचा मेम्फिसवरचा अल्बम ऐकण्यासारखा आहे, की नुसती जुनी गाणी पुन्हा गायली आहेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डी डी ब्रिजवॉटर एवढी नावाजलेली जॅझ गायिका, आणि २०१७ साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, तिने 'मेम्फिस... येस, आय'म रेडी' हा अल्बम काढला. त्यातली तेराच्या तेरा गाणी दुसऱ्यांची, बहुतेक तुमच्या जन्माआधीची. मग यात तिचं स्वतःचं काय? आणि जॅझ न कळणाऱ्याने तो ऐकावा का, कुठून सुरुवात करावी?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, सोपं आहे. ऐकावा. जॅझ कळत नसेल तर हाच आधी ऐकावा, कारण यात जॅझ जवळजवळ नाहीच. सोल आणि ब्लूज, हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याचे प्रकार, आणि शेवटी एक चर्चमधलं भजन.

'यात तिचं काय' याला मात्र जरा बैठक मारावी लागेल. मी काही संगीताचा जाणकार नव्हे. एकतीस वर्षं आकाशवाणीच्या मीडियम वेव्ह ट्रान्समीटरवर ड्यूटी केली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. जॅझची ओळखही रेडिओमुळेच. शॉर्ट वेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका लागायचं, त्यावर विलिस कॉनोव्हर नावाचा निवेदक संथ, एकेक शब्द सुटा बोलून जॅझ ऐकवायचा. इंग्रजी कच्चं असलेल्यालाही कळावं म्हणून तो मुद्दाम तसा बोलायचा. हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय की हा अल्बम मला शहरापेक्षा रेडिओचा वाटतो, आणि हे मला गाण्यांच्या यादीवरून कळलं, गाण्यांवरून नंतर.

तिची माहिती पटकन. जन्म १९५० चा, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मेम्फिस शहरातला, पण लहानपणीच घर मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावी गेलं. वडील मॅथ्यू गॅरेट ट्रम्पेट वाजवायचे, शाळेत संगीत शिकवायचे. ब्रिजवॉटर हे पहिल्या नवऱ्याचं आडनाव, तोही ट्रम्पेटवालाच. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कला थॅड जोन्स आणि मेल लुईस यांच्या वाद्यवृंदात गायली, तिथल्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या 'द विझ' या संगीत नाटकासाठी १९७५ साली टोनी हा नाट्यपुरस्कार मिळाला. मग पॅरिस. थोर जॅझ गायिका एला फिट्झजेराल्डला वाहिलेल्या 'डिअर एला'ला ग्रॅमी, नंतर बिली हॉलिडेवरच्या अल्बमलाही ग्रॅमी. मधेच मालीला जाऊन तिथल्या वादकांबरोबर 'रेड अर्थ' केला. आणि २०१७ सालीच अमेरिकेतला जॅझचा सर्वोच्च सरकारी सन्मान, जॅझ मास्टर. म्हणजे हा अल्बम काढताना तिला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं.

आता रेडिओ.

मेम्फिसमध्ये डब्ल्यूडीआयए नावाचं स्टेशन होतं, अजून आहे. मालक गोरे, स्टेशन चालेना. म्हणून १९४८ साली त्यांनी नॅट विल्यम्स या कृष्णवर्णीय शिक्षकाला माइकसमोर बसवलं, आणि वर्षभरात स्टेशनचा सगळा कार्यक्रमच कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी झाला. अमेरिकेतलं असं ते पहिलं स्टेशन. पुढे ब्लूज गायक म्हणून गाजलेला बी. बी. किंग हा तिथला निवेदक. ते 'बी. बी.' सुद्धा रेडिओवरच्या 'ब्लूज बॉय' या टोपणनावाचं लघुरूप, आणि तो तिथे एका टॉनिकच्या बाटलीची जाहिरात गाऊन करायचा. गायक रुफस थॉमस तिथलाच. आणि डी डीचे वडीलही तिथे तबकड्या लावायचे, हवेवरचं नाव 'मॅट द प्लॅटर कॅट'. प्लॅटर म्हणजे तबकडी. तबकडीवाला मॅट म्हणा हवं तर.

१९५४ साली या स्टेशनची ताकद पन्नास हजार वॉट झाली. आमच्या बोलीत पन्नास किलोवॉट. एवढी ताकद असली की दिवसा आसपासचा मुलूख कव्हर होतो, पण खरी गंमत सूर्य मावळल्यावर. दिवसा उन्हामुळे वातावरणाच्या वरच्या भागात एक थर तयार होतो, तो मीडियम वेव्ह पिऊन टाकतो. रात्री तो थर विरतो. मग लहरी त्याच्याही वरच्या थरावर आपटून परत खाली येतात आणि शेकडो किलोमीटर लांब उतरतात. ज्यांनी जुना रेडिओ वापरलाय त्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे: दिवसा जिथे नुसती खरखर, तिथे रात्री सुई फिरवली की भलत्याच गावाचं स्टेशन उगवायचं. आवाज फुगायचा, बुडायचा, परत वर यायचा. याला फेडिंग म्हणतात. माझ्या वेळी स्वीडन-फिनलंडच्या हौशी लोकांची पत्रं यायची, अमुक तारखेला अमुक वाजता तुमचं स्टेशन ऐकू आलं, मधे बाईंचं गाणं होतं, सोबत आवाज कसा होता त्याचे गुण. खात्री करून आम्ही त्यांना कार्ड पाठवायचो. एकाने लिहिलं होतं, गाण्याचा शेवट ऐकू आला नाही, तो कसा आहे? पत्र फाईलला लागलं. शेवट कोण कळवणार!

फ्लिंट ते मेम्फिस अंतर सुमारे हजार किलोमीटर. शाळकरी वयात डी डी रात्री उशिरा सगळे झोपल्यावर हेच स्टेशन लावायची. लक्षात घ्या, फ्लिंट म्हणजे जनरल मोटर्सचं गाव. दक्षिणेतली कृष्णवर्णीय कुटुंबं तिथे मोटारींच्या कारखान्यांत कामाला आलेली. आपल्याकडे कोकणातला चाकरमानी गिरणीत आला तसंच. आणि डेट्रॉइट शंभरेक किलोमीटरवर, जिथे १९५९ पासून मोटाऊन कंपनीची एकाहून एक चकचकीत गाणी निघत होती. दारातली विहीर सोडून ही पोर हजार किलोमीटरवरच्या नदीचं पाणी भरत होती.

आता गाण्यांची यादी या नजरेने बघा. अल्बमचं नाव मेम्फिस, पण नावातलंच गाणं 'येस, आय'म रेडी' हे फिलाडेल्फियाचं. 'गिव्हिंग अप' हे ग्लॅडिस नाइट आणि तिच्या साथीदारांचं, १९६४ चं. तेही मेम्फिसचं नव्हे. 'आय कान्ट गेट नेक्स्ट टू यू' तर चक्क मोटाऊनचं, टेम्प्टेशन्सचं, म्हणजे तिच्या शेजारच्या डेट्रॉइटचं. काही समीक्षक यावर नाक मुरडतील की नावात मेम्फिस आणि आत भेसळ. मला उलट वाटतं. रेडिओवर गाणं कुठे मुद्रित झालं हे सांगत नाहीत. ते जिथून ऐकू आलं तिथलं असतं. त्या मुलीच्या कानात जे जे मेम्फिसहून आलं ते मेम्फिसचं. यादी शहराच्या नकाशाप्रमाणे नाही, त्या रेडिओच्या सुईप्रमाणे लावलेली आहे.

आणि बाकीची गाणी स्टेशनाच्या अंगणातलीच. 'द थ्रिल इज गॉन' म्हणजे बी. बी. किंग. 'बी-ए-बी-वाय' हे १९६६ चं गाणं कार्ला थॉमसचं, म्हणजे रुफसच्या मुलीचं. ती स्वतः शाळेत असताना त्याच स्टेशनवर मुलांच्या गायनवृंदात गायची. सगळं एकाच वाड्यातलं.

मुद्रण कुठे केलं तेही बघण्यासारखं. मेम्फिसमधल्या रॉयल स्टुडिओत. पन्नासच्या दशकात एका बंद पडलेल्या थिएटरात हा स्टुडिओ थाटला. थिएटर म्हटल्यावर जमीन उतरती, पडद्याकडे झुकलेली. गावातला दुसरा प्रसिद्ध स्टुडिओ, स्टॅक्स, तोही असाच थिएटरातला आणि त्याचीही जमीन उतरती. उतरत्या जमिनीमुळे समोरासमोरच्या समांतर बाजू कमी होतात आणि आवाज दोन भिंतींत अडकून घुमत राहत नाही. हे कुणी ठरवून केलेलं नाही, भाडं परवडलं म्हणून थिएटर घेतलं एवढंच. स्टॅक्सची मूळ इमारत १९८९ साली पाडली, आता तिथे तशीच दिसणारी नवी वास्तू बांधून संग्रहालय केलंय. रॉयल मात्र चालू आहे. निर्माता विली मिचेलने तिथे सोल गायक अल ग्रीनची गाणी मुद्रित केली, गायिका अ‍ॅन पीबल्सची केली. अल ग्रीनचा मायक्रोफोन म्हणजे 'नंबर नऊ', त्याचं नाव आजही तसंच घेतात. विली २०१० साली वारला. आता मुलगा बू मिचेल स्टुडिओ सांभाळतो, आणि डी डीच्या अल्बमात त्याचा हात आहे. सहनिर्माता म्हणून सॅक्सोफोनवाला कर्क व्हेलम. हा मेम्फिसचाच. नाव ओळखीचं नसलं तरी त्याची फुंकर तुम्ही नक्की ऐकलीय: व्हिटनी ह्यूस्टनच्या 'आय विल ऑलवेज लव्ह यू'मधला सॅक्सोफोन त्याचा.

आता गाण्याकडे. जॅझ गायकाची सवय काय असते? चाल म्हणजे खुंटी. तिच्यावर पहिलं कडवं टांगायचं आणि मग भटकायला निघायचं. डी डी तर त्यातली पट्टीची. शब्द सोडून नुसत्या अक्षरांवर गायची, आपल्या तराण्यासारखी, आणि वाद्यांशी जुगलबंदी करायची. ख्यालिया भावगीत गायला बसला की त्याचा हात कसा तानेकडे जातो ते तुम्ही पाहिलं असेल. दुसऱ्याच ओळीला एक हरकत, तिसरीला तान, आणि शब्द बिचारे कोपऱ्यात. इथे मला हीच भीती होती.

तसं होत नाही. 'आय कान्ट स्टँड द रेन' घ्या. मूळ गाणं १९७३ चं, अ‍ॅन पीबल्सचं, याच खोलीत मुद्रित झालेलं. त्याच्या जन्माची गोष्ट छान आहे: कार्यक्रमाला निघायच्या वेळी धो धो पाऊस, अ‍ॅन वैतागून म्हणाली, हा पाऊस मला सहन होत नाही. डॉन ब्रायंट तिथेच होता, पुढे तिचा नवरा झाला. त्याने ते वाक्य उचललं, आणि त्या संध्याकाळी कार्यक्रम राहिला बाजूला, गाणं तयार झालं. मूळ ध्वनिमुद्रणात सुरुवातीला खिडकीवर थेंब पडल्यासारखा टपटप आवाज आहे, तो विजेवर चालणाऱ्या टिंबाले या तालवाद्याचा. पावसाळ्यात पत्र्याच्या घरात राहिलेल्या माणसाला तो आवाज लगेच ओळखू येईल. थेंब तालात पडत नाही, पण आपण मनात त्याला ताल लावतो. ते वाद्य नेमकं तेच करतं.

या गाण्याचं डी डी काय करते? फारसं काहीच नाही, आणि ही मी तारीफ करतोय. ठेक्याच्या केसभर मागे राहून गाते. ओळ संपली की थांबते आणि वादकांना जागा देते. जिथे तिने आयुष्यभर पंधरा स्वर टाकले असते तिथे दोन टाकते. आवाज आता खाली बसलाय, कडेने थोडा खरबरीत झालाय, आणि ती ते लपवत नाही. गाण्यातली बाई रिकाम्या घरात खिडकीशी बसून पूर्वीचे दिवस आठवतेय. विशीतली मुलगी गाते तेव्हा तो प्रियकर काल गेलेला असतो. सदुसष्टाव्या वर्षी गायलं की तो केव्हा गेला ते सांगायची गरज उरत नाही.

उलटा प्रकार 'येस, आय'म रेडी'चा. बार्बरा मेसनने हे गाणं स्वतः लिहिलं आणि १९६५ साली ते आलं तेव्हा ती जेमतेम सतराची. शब्दांत एक मुलगी म्हणते की प्रेम कसं करायचं, हात कसा धरायचा, मला काही ठाऊक नाही, पण शिकायला मी तयार आहे. आता हे सदुसष्टाव्या वर्षी, दोन-तीन संसार, मुलं-नातवंडं झाल्यावर, हजारो मैफली गाजवल्यावर म्हणायचं! थट्टा व्हायला वेळ लागत नाही. ती डोळा मारत नाही, लाडिकही होत नाही. सरळ म्हणते. आणि अल्बमला तेच नाव दिलंय म्हटल्यावर मला वाटतं ते प्रियकराला उद्देशून नाहीच. मेम्फिसला उद्देशून आहे. जे गाणं रात्री चोरून ऐकलं ते गायला आता मी तयार आहे, कसं गातात ते शिकवा.

'हाउंड डॉग'बद्दल एक सांगायलाच हवं. मेम्फिसच्या एल्व्हिस प्रेस्लीचं म्हणून सगळ्यांना ठाऊक, पण आधी ते बिग मामा थॉर्नटन हिने गायलं, १९५२ साली मुद्रित झालं. त्यात एक बाई दाराशी घुटमळणाऱ्या ऐतखाऊ पुरुषाला हाकलून देतेय. एल्व्हिसने गायलं तेव्हा शब्द बदलले, आणि तो खरोखरच कुत्र्यावर रागावलाय असं वाटायला लागलं. डी डीच्या तोंडी गाणं परत बाईकडे आलं, हे मला आवडलं. पण गाणं म्हणून ते आणि त्याच्या आधीचं 'डोन्ट बी क्रुएल', ही दोन मला या अल्बमात पाहुणी वाटतात. मेम्फिस म्हटलं की एल्व्हिसला पान वाढावंच लागतं, त्यातला प्रकार.

'ट्राय अ लिटल टेंडरनेस' वर माझं मत जरा कडक आहे. गाणं मुळात १९३२ चं, नाचाच्या हॉलमधलं, गोडगोड. १९६६ साली ओटिस रेडिंगने स्टॅक्समध्ये त्याला हळू सुरू करून शेवटी असं पेटवलं की तेव्हापासून ते त्याच्या नावावर चढलं. सातबाराच झाला. डी डी उत्तम गाते, कुठे चुकत नाही, पण ऐकताना मी ओटिसची वाट बघत राहतो. यात तिचा दोष किती आणि माझ्या कानाचा किती, कोण जाणे.

'व्हाय अ‍ॅम आय ट्रीटेड सो बॅड' मात्र सोडू नका. १९५७ साली लिटल रॉक गावात नऊ कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पाय ठेवू देईनात, शेवटी लष्कर आणावं लागलं. ते बघून स्टेपल सिंगर्स कुटुंबाचे वडील, पॉप्स स्टेपल्स यांनी हे गाणं रचलं. मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते आवडतं होतं. त्यात घोषणा नाही, मूठ वळलेली नाही. माझ्याशी असं का वागतात, एवढाच प्रश्न, पुन्हा पुन्हा. लिटल रॉक मेम्फिसहून काही तासांच्या रस्त्यावर. म्हणजे हेही त्या रेडिओच्या टापूतलंच.

आणि शेवटचं 'प्रेशस लॉर्ड'. थॉमस डॉर्सी हा ब्लूज वाजवणारा माणूस १९३२ साली दुसऱ्या गावी कार्यक्रमाला गेला असताना बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ बाळही. त्या दुःखात त्याने हे भजन रचलं, देवा माझा हात धर म्हणून. छत्तीस वर्षांनी, ४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी, मेम्फिसच्या लॉरेन मोटेलच्या सज्जात मार्टिन ल्यूथर किंग उभे होते. खाली बेन ब्रँच हा वादक होता. त्याला त्यांनी सांगितलं, आज रात्री सभेत हे भजन वाजव, छान वाजव. पुढच्या क्षणी गोळी लागली. हे मोटेल स्टॅक्सच्या गायक-वादकांचं नेहमीचं. मेम्फिसमध्ये काळे-गोरे एकत्र बसून जेवू शकतील अशा जागा कमी होत्या, ही त्यातली एक, आणि 'नॉक ऑन वुड'सारखं गाणं तिथल्याच खोलीत रचलं गेलं. त्यामुळे मेम्फिसवरच्या अल्बमचा शेवट दुसऱ्या कुठल्या गाण्याने झाला असता तर मला खटकलं असतं. बारा गाणी प्रेमाची, विरहाची, वैतागाची, आणि तेरावं हे.

तुमचा प्रश्न, यात तिचं काय. चाली तिच्या नाहीत, शब्द नाहीत, खोलीसुद्धा दुसऱ्याची. तिचं आहे ते ऐकणं. त्या रात्रींपासून पुढे ऐकलेल्यांतली कुठली तेरा गाणी आजवर पुरली, ते तिने मांडलंय. आणि गाताना जे गाळलंय ते तिचं, कारण गाळण्यासाठी आधी ते जवळ असावं लागतं. हे पटत नसेल तर एक करा: आधी 'डिअर एला'मधलं कुठलंही जलद गाणं ऐका, ती किती धावू शकते ते बघा. मग इकडे या.

सुरुवात 'आय कान्ट स्टँड द रेन'ने करा, पण आधी अ‍ॅन पीबल्सचं मूळ ऐकून. त्यानंतर 'गिव्हिंग अप', मग 'व्हाय अ‍ॅम आय ट्रीटेड सो बॅड'. तीनही जमली तर अल्बम पहिल्यापासून लावा, नाही जमली तर सोडून द्या, जबरदस्ती नाही. शक्यतो रात्री ऐका आणि कानात बोंडं घालण्याऐवजी खोलीत लहान स्पीकरवर लावा. मी तर परवा फोन स्वयंपाकघरात ठेवून बाहेर ओटीवर बसलो होतो. मिक्सर चालू झाला की आवाज बुडायचा, बंद झाला की वर यायचा.